धसका 'घेतला' की 'बसला'?

प्रश्न : पीटीएसडीला मराठीत 'आघातोत्तर तणाव विकार' म्हणतात. आमच्या सोलापुरात 'धसका घेतला' म्हणतात, तेच ना हे?

उत्तर : पूर्ण तेच नाही. धक्का बसतो, आघात होतो; धसका मात्र माणूस 'घेतो'. तो बसतोही, पण आमच्या घरात कायम 'घेतला'च ऐकलंय, आणि माझी तक्रार त्या क्रियापदाशी आहे. घेतला म्हटलं की सोडून देणंही त्याच्याच हातात, असं सगळे धरून चालतात.

माझे मामा टॉवेलच्या कारखान्यात होते. तिथं आग लागली, शेजारच्या मागावरचा कामगार गेला. चार महिन्यांनी घरात दूध करपलं, तर मामा ताटावरून उठून अनवाणी थेट रस्त्यावर. बोटांना शेंगाचटणी तशीच. मामी म्हणाली, "काही न्हाई ओ, धसका घेतलाय ह्यांनी, होईल कमी." कारखान्याची गल्ली टाळून ते लांबून जायचे. गड्ड्याच्या जत्रेतलं होम मैदानावरचं दारूकाम त्यांच्या फार आवडीचं. त्या वर्षी कानांवर उशी दाबून बसले. आठवण येणं वेगळं. मामांपुढं ती आग पुन्हा लागत होती.

डॉक्टर नेमकं हेच विचारतात : प्रसंग परत परत समोर येतो का, त्याची आठवण देणारं टाळता का, मन मेल्यासारखं झालंय का, स्वतःलाच दोष देता का, अंग सतत दचकतं का. महिन्याहून जास्त टिकलं आणि झोप, कामधंदा, घर बिघडलं, तर हे निदान. रक्ततपासणीत ते सापडत नाही, विचारूनच कळतं. १९८० साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत हे नाव आलं; माणसं त्याआधीही दचकून उठतच होती.

दुसरं उत्तर : 'धास्ती' पुढच्याची, 'धसका' मागच्याचा. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर आमची सोलापुरातली गल्लीही अंगणात झोपायची. हळूहळू सगळे आत गेले. आजी मात्र वर्षभर रात्री दाराला कडी लावू द्यायची नाही. तिच्यात दोन्ही होतं. तिला कुणी कधी डॉक्टरकडं नेलं नाही.

उत्तर : आजींचं वाचून वाईट वाटलं. म्हणून डॉक्टरांपुढं 'धसका' हा शब्द जरूर वापरा, त्यांना तो कळतो. फक्त किती दिवस झाले, काय टाळतात, झोपेत काय ओरडतात तेही सांगा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

मामी आता 'बसलाय' म्हणते.