काजू कटिंग मशीन वाहतुकीत तडकले: भरपाई विक्रेत्याकडे मागावी की ट्रान्सपोर्टकडे?

प्रश्न (वेंगुर्ले)

सर्वांना नमस्कार. आम्ही पती-पत्नी घरीच काजूप्रक्रिया करतो व त्यावरच आमचा चरितार्थ चालतो. परराज्यातील एका विक्रेत्याच्या संकेतस्थळावरून आम्ही ८६,००० रुपयांचे कटिंग मशीन पूर्ण रक्कम आगाऊ भरून मागवले. ट्रक वाडीपर्यंत येत नसल्यामुळे ३,२०० रुपये ‘टू-पे’ (माल घेताना द्यायचे) भाडे देऊन ते कुडाळच्या गोडाऊनमधून टेम्पोने आणावे लागले. तेथे खोके उघडू दिले नाही, म्हणून यजमानांनी पोचपावतीवर ‘खोके एका बाजूने फुटलेले’ असे लिहूनच सही केली. घरी पाहतो तो बिडाचा पाया मोटरीखाली आरपार तडकलेला. माल आपल्या दारातून बाहेर पडला की आपली जबाबदारी संपली, असे विक्रेता म्हणतो; ट्रान्सपोर्टवाले बिल्टीवरील (वाहतुकीच्या पावतीवरील) ‘ओनर्स रिस्क’च्या, म्हणजे जोखीम मालाच्या मालकाची, अशा शिक्क्याकडे बोट दाखवतात. हंगाम ऐन भरात आहे. दाद कोणाकडे मागावी?

उत्तर १ (कणकवली, ट्रान्सपोर्ट बुकिंगचा व्यवसाय)

ताई, पावतीवरचा तो शेरा जपून ठेवा, कारण कोरी सही असती तर माल सुस्थितीत मिळाला असेच आमच्या धंद्यात धरले जाते. नुसत्या शिक्क्याने वाहतूकदार मोकळा होत नाही. रस्ते वाहतुकीच्या २००७ च्या कायद्यानुसार त्याचा निष्काळजीपणा तुम्ही सिद्ध करण्याची गरज नसते. मात्र पाठवणाऱ्याने जादा जोखमीचा दर (वाहतूकदाराने अधिक जबाबदारी घ्यावी म्हणून द्यायचे जास्तीचे भाडे) भरलेला नसेल, तर त्याची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपुरतीच राहते, म्हणजे तुमच्या बाबतीत फार तर ३२,००० रुपये. म्हणून बिल्टीची प्रत मागवून मालाची किंमत व दर काय लिहिला आहे ते आधी पाहा. लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत गेली पाहिजे. ही मुदत माल हाती पडल्यापासून मोजायची, असे समजून अनेकांचे दावे बुडालेले मी पाहिले आहेत.

उत्तर २ (सावंतवाडी, वकिली)

वरील माहिती बरोबर आहे, पण माझ्या मते मुख्य दावा विक्रेत्यावरच करावा. १९३० च्या माल विक्री कायद्यात, वेगळा करार नसेल तर, वाहतूकदाराच्या हाती माल देणे म्हणजे खरेदीदाराला देणे असे सर्वसाधारणपणे मानले जाते आणि विक्रेता त्याचाच आधार घेत आहे. त्याच कायद्याच्या कलम ३९ मध्ये पुढे असेही आहे की, मालाचे स्वरूप पाहता वाजवी ठरेल असा करार विक्रेत्याने वाहतूकदाराशी केला पाहिजे. तो न केल्यामुळे माल वाटेत खराब झाला, तर ती पोच आपल्याला झालीच नाही, अशी भूमिका खरेदीदाराला घेता येते. एवढे जड यंत्र किंमत न नोंदवता पाठवले असेल, तर हा मुद्दा तुमच्या बाजूने भक्कम आहे.

शिवाय २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार सदोष माल परत घेण्यास नकार देता येत नाही. त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. त्याने ४८ तासांत तक्रार मिळाल्याची पोच व महिन्याभरात निवारण देणे बंधनकारक आहे. तसे न झाल्यास १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद करून ओरोसच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येते, मुदत दोन वर्षांची आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. यंत्र व्यवसायाचे असले तरी स्वतःच्या चरितार्थासाठी घेतलेले असल्याने तुम्ही ग्राहक ठरता. ते तक्रारीत स्पष्ट लिहा.

उत्तर ३ (कुडाळ, वर्कशॉप)

तडकलेल्या जागेचे जवळून फोटो आजच काढा. बिडाची ताजी तूट करडी, दाणेदार आणि चकचकीत दिसते. आपल्या खाऱ्या, दमट हवेत ती काही दिवसांतच तांबूस होते आणि मग ‘ही तूट जुनीच आहे’ म्हणायला समोरच्याला वाव मिळतो. खोक्याच्या फळ्या व खिळे टाकू नका. वेल्डिंग तर मुळीच करून घेऊ नका, कारण विक्रेत्याने ट्रान्झिट (वाहतुकीतील नुकसानीचा) विमा काढला असेल तर सर्वेअरला, म्हणजे विम्याच्या नुकसान तपासनिसाला, माल आहे त्या स्थितीत पाहावा लागतो.

प्रश्नकर्ती

आपणा सर्वांची आभारी आहे. फोटो काढले आहेत. विक्रेता आता केवळ नवा पाया पाठवण्यास तयार आहे, पण भाडे आम्हीच द्यावे म्हणतो. तो स्वीकारल्यास आमचा हक्क जाईल का?

उत्तर २ (सावंतवाडी)

‘भरपाईचा हक्क राखून स्वीकारत आहोत’ असे ईमेलने आधी कळवा आणि भाडे त्यानेच भरावे असा आग्रह धरा. पूर्ण समाधान झाल्याच्या मजकुरावर मात्र, पाया बसवून यंत्र भाराखाली चालवून पाहीपर्यंत, सही करू नका. ट्रान्सपोर्टला द्यायची नोटीस या बोलण्यांसाठी थांबवू नका. ती स्पीड पोस्टाने याच आठवड्यात पाठवा.