ध्यानचंद, बलबीर की सोहेल अब्बास? गोल मोजायचे तरी कसे?

टिळकवाडीकर:
काल कॅम्पातनं येताना पोरांचा वाद ऐकला. एकजण म्हणालाय, हॉकीत पाकिस्तानच्या सोहेल अब्बासचे ३४८ इंटरनॅशनल गोल, म्हणजे तोच सगळ्यात भारी, विषय संपला. मला काय हे पटंना. अहो तो फुलबॅक, म्हणजे मागं राहून गोल वाचवणारा, बहुतेक गोल पेनल्टी कॉर्नरचे, म्हणजे फाऊल झाल्यावर गोललाइनवरनं बॉल बाहेर देऊन मारायचे. ध्यानचंदनी १९२८ च्या ऑलिम्पिकला अ‍ॅमस्टरडॅमला ५ मॅचमध्ये १४ गोल मारले ते डिफेंडर चुकवत, डी मध्ये, म्हणजे गोलपुढच्या अर्धगोलात, घुसून. चालत्या खेळातला गोल आणि आखून, थांबून मारलेला गोल एकाच तागडीत घालायचे होय?

खानापूरचा ड्रॅगफ्लिकर:
दादा, ध्यानचंद म्हटलं की आपण हात जोडतो, पण "थांबून मारलेला" हे काय बोलालाय? एकदा मारून बघा की. सात वर्षं झाली ड्रॅगफ्लिकची, म्हणजे कॉर्नरला बॉल स्टिकनं ओढत नेऊन गोलात फेकायची, प्रॅक्टिस करालोय मी. डावा पाय बॉलच्या पुढं पडायला पाहिजे, बॉल स्टिकला चिकटून घसरत यायला पाहिजे, कंबर सगळ्यात शेवटी फिरायला पाहिजे आणि तेवढ्यात समोरनं रशर, म्हणजे अडवायला धावत सुटलेला डिफेंडर, अंगावर आलेला असतोय. कॉर्नरला पहिला शॉट हिट, म्हणजे स्टिक फिरवून फटका, मारला तर तो गोलच्या फळीच्या वर, म्हणजे ४६० मिमीच्या वर जाऊन चालत नाही, फ्लिकला ती अट नाही, म्हणून तर हे तंत्र आलं. आणि १९३२ ला लॉस एंजेलिसला टीमच तीन होत्या. अमेरिकेला २४-१, त्यात रूपसिंगचे १०, ध्यानचंदचे ८. हरमनप्रीतनं २०२४ ला पॅरिसला १० मारले ते त्याची प्रत्येक फ्लिक व्हिडिओवर बघून आलेल्या टीमांना.

टिळकवाडीकर:
तीन टीम, कबूल. पण तेव्हा ऑफसाइड होतं गा, म्हणजे डिफेंडरांच्या पुढं जाऊन बॉल घेता येत नव्हता, ते नव्वदच्या दशकात उठलं. आता फॉरवर्ड सरळ गोलकीपरच्या पुढ्यात जाऊन उभारतोय. आणि ऑलिम्पिक टर्फवर, म्हणजे कृत्रिम मैदानावर, आलं १९७६ ला, माँट्रियलला, त्याआधी सगळं गवतावर. आपल्या मुरमाच्या ग्राउंडवर जोरात आलेला एक पास थांबवून बघ, खड्याला लागून बॉल सरळ नडगीवर. तसल्यात बॉल ताब्यात ठेवून गोल मारायचा म्हणजे काय ते खेळलेल्यालाच कळतंय.

निपाणीची ताई:
तुम्ही दोघं आपल्या बलबीर सिंगना विसरलात की. १९५२ हेलसिंकी, फायनल, नेदरलँड्सला ६-१, त्यातले ५ एकट्याचे. पुरुषांच्या ऑलिम्पिक फायनलमध्ये हा रेकॉर्ड अजून कुणी मोडला नाही. १९४८ च्या फायनलला पण ब्रिटनविरुद्ध २. लिंबूटिंबू टीमला दहा मारण्यापेक्षा फायनलचा एक गोल मला जास्त वाटतो.

जंगी पलटणवाला:
गोलकीपरचं कुणी बोलंनाच. शंकर लक्ष्मण आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीचे, १९६४ ला टोकियो ऑलिम्पिकच्या फायनलला पाकिस्तानला १-० हरवलं तेव्हा गोलमध्ये तेच. हेल्मेट नाही, पातळ पॅड. आत्ताचा कीपर फोममध्ये नखशिखांत, त्याला चुकवून गोल मारणं जास्त अवघड, म्हणून माझं मत खानापूरच्या भावाला.

टिळकवाडीकर:
कीपरचा मुद्दा बरोबर आहे, तो माझ्या डोक्यातच आला नव्हता. तरी हिशोब दोन ठेवा, मैदानी गोल वेगळे, कॉर्नरचे वेगळे. मैदानीत माझा पहिला नंबर ध्यानचंदच.

खानापूरचा ड्रॅगफ्लिकर:
दोन हिशोब चालतील. कॉर्नरच्या वहीत सोहेल पहिला, आणि ती वही दुय्यम म्हणायची नाही, एवढंच.