सोसायटीचा ग्रुप : ‘अंबानींचं कॉलेज’

सी-२०१ : कळवायला आनंद होतोय, आमच्या चिरंजीवांना माटुंग्याच्या आयसीटीत (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) केमिकल इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला 🙏 पेढे वॉचमनकडे ठेवलेत, येता-जाता घ्या.

बी-१०४ : अरे वा! म्हणजे अंबानींचं कॉलेज!

ए-५०२ : पोराचं मनापासून अभिनंदन. पण ‘अंबानींचं कॉलेज’ म्हटलं की माझं डोकं फिरतं. मुकेश अंबानी तिथे शिकले, खरं आहे. मीही शिकलो, माझं नाव कोणी घेत नाही 😄 आमच्या तोंडी अजून जुनं नाव, यूडीसीटीच. युनिव्हर्सिटी डिपार्टमेंट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी. मुंबई विद्यापीठाचा विभाग, १९३३ चा. अभिमत विद्यापीठ झालं ते २००८ मध्ये.

बी-१०४ : म्हणजे केमिस्ट्री डिपार्टमेंटच ना काका?

ए-५०२ : नाही हो, तिथेच सगळे चुकतात. मुंबईत गिरण्या जोरात, कापड इथलं आणि रंग मात्र परदेशातून यायचा. म्हणून सुरुवातच टेक्सटाइल केमिस्ट्री आणि केमिकल इंजिनीअरिंग या दोन विषयांनी झाली. परीक्षानळीत जमलेली गोष्ट टनावारी कशी जमवायची, हा तिथला धडा. माटुंग्याला बिऱ्हाड हललं १९४३ मध्ये.

डी-३०२ : गेटसमोर पांढरी वॅगनार कोणाची आहे? ताबडतोब काढा.

ए-५०२ : माझी नाही. तर, विभागाचे पहिले प्रमुख फॉर्स्टरसाहेब, त्यांच्यानंतर १९३८ मध्ये के. वेंकटरामन प्रमुख झाले, पहिले भारतीय. रंगरसायनातला दादा माणूस. बेकर-वेंकटरामन रिअरेंजमेंट नावाची रासायनिक अभिक्रिया जगभरच्या ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या पुस्तकांत आहे, त्यातले वेंकटरामन हेच. फुलापानांत जे पिवळे फ्लेव्होन असतात ना, ते प्रयोगशाळेत बनवायची वाट त्यातून जाते. पुढे १९५७ मध्ये ते पुण्याच्या एनसीएलचे, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे, पहिले भारतीय संचालक झाले आणि त्यांच्यानंतर त्या खुर्चीत बसले बा. द. टिळक, तेही यूडीसीटीचेच.

ए-३०३ : काका, हळदीचं पेटंट परत आणणारे माशेलकरही तिथलेच ना?

ए-५०२ : वहिनी, परत आणलं नाही, रद्द करवलं. अमेरिकेने १९९५ मध्ये जखमेवर हळद लावण्याचं पेटंट देऊन टाकलं होतं. सीएसआयआरने, म्हणजे सरकारी प्रयोगशाळा चालवणाऱ्या संशोधन परिषदेने, आपल्याकडचे जुने दाखले पुढे ठेवले आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक. केमिकल इंजिनीअरिंगची पदवी १९६६, पीएच.डी. १९६९, दोन्ही माटुंग्यातून. गाइड होते एम. एम. शर्मा.

आणि हे शर्मा म्हणजे! केंब्रिजहून पीएच.डी. करून आले आणि सत्ताविसाव्या वर्षी प्रोफेसर. १९९० मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो, तो मान मिळालेले पहिले भारतीय इंजिनीअर. त्यांचे केंब्रिजचे गुरू डँकवर्ट्स यांनी दुसऱ्या महायुद्धात लंडनवर पडलेले सुरुंग निकामी केले होते, त्याबद्दल जॉर्ज क्रॉस मिळाला होता. असल्या माणसाच्या हाताखालून आलेला विद्यार्थी रिॲक्टरला काय घाबरणार?

बी-१०४ : उद्योगात कोण कोण? फक्त अंबानीच?

ए-५०२ : डॉ. रेड्डीजच्या गोळ्या घेता का?

बी-१०४ : रोज. प्रेशरच्या.

ए-५०२ : ते अंजी रेड्डी इथले. घरडा केमिकल्सचे केकी घरडा इथले. एशियन पेंट्सचे अश्विन दाणीही. म्हणजे तुमच्या भिंतीचा रंगसुद्धा थोडा माटुंग्याचाच निघायचा.

डी-३०२ : वॅगनार अजून तिथेच आहे!!

सी-२०१ : काका, मुलगा विचारतोय, डाइजच्या (रंगरसायनांच्या) ब्रँचला आता अर्थ आहे का? काही जण सांगतात बदलून घे, काही सांगतात केमिकलच धर.

ए-५०२ : केमिकल मिळालंय ना, मग बदलू नको. पण रंगांचं वाचत राहा म्हणावं. माझ्याकडे वेंकटरामन यांच्या सिंथेटिक डाइजच्या ग्रंथाचे पहिले दोन खंड आहेत, १९५२ चे. कव्हर सुटलंय. रविवारी अकराला पाठव. पुस्तक घरी नेता येणार नाही, इथेच बसून वाचायचं.

सी-२०१ : नक्की पाठवतो काका. आणि वॅगनार आमच्या पाहुण्यांची आहे, सॉरी, काढतोय.