मिश्रीत कर्करोगकारक घटक नेमके कोणते असतात?

हडपसरकर: माझी आत्या रोज सकाळी तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजते, चुरते आणि ती मिश्री तर्जनीने हिरड्यांवर घासते. आपण धूर ओढत नाही, मग कर्करोग कसा होईल, असे ती विचारते. तिला काय सांगावे?

कोथरूडची वाचक: धूर नसला तरी विष तंबाखूतच तयार झालेले असते. पाने वाळवताना, आंबवताना आणि साठवताना जिवाणूंमुळे नायट्रेटचे नायट्राइट होते आणि त्याची निकोटिन व तत्सम अल्कलॉइडांशी अभिक्रिया होऊन नायट्रोसामाइन्स बनतात. त्यांपैकी एनएनएन आणि एनएनके यांना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत, ठेवले आहे. शिवाय तंबाखू भाजल्यामुळे बेंझोपायरीनसारखी, एरवी धुरात आढळणारी संयुगेही मिश्रीत येतात. आत्याबाईंना नेमके हेच सांगा.

रविवार पेठ: चुन्याचाही विचार व्हावा. तो तंबाखूत मळला की निकोटिन तोंडाच्या आतील त्वचेतून लवकर शोषले जाते, त्यामुळे व्यसन अधिक घट्ट होते. सुपारी तर तंबाखूशिवायही पहिल्या गटात मोडते.

कोथरूडची वाचक: अगदी खरे. माझ्या वडिलांच्या गालात, जिथे ते चिमूट धरून ठेवत, नेमका तिथेच पांढरा चट्टा उठला होता. आत्याबाईंचे तोंड दंतवैद्यांकडून याच आठवड्यात तपासून घ्या, आणि सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या राष्ट्रीय मोफत क्रमांकावर समुपदेशन मिळते.