आजोबांची एमजीए 36 वर्षं शेडमध्ये उभी आहे, साडेचार लाखाला मागतायत, द्यावी का?

जुळेसोलापूरची_नात

नमस्कार, मी इथं पहिल्यांदाच लिहितेय. आमच्या आजोबांची एक दोन सीटची एमजी आहे, एमजीए म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, आरसी बुकात 1957 साल लिहिलंय. अक्कलकोट रोडला आमचा पॉवरलूमचा जुना शेड आहे त्याच्या मागच्या खोलीत ती 1989 पासून उभी आहे म्हणजे माझ्या जन्माच्या आधीपासून. आजोबांनी 1968 ला मुंबईहून घेतली, त्याआधी कुठल्यातरी दूतावासातल्या साहेबाची होती असं आत्या सांगते. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत आजोबा आत्याला शेजारी बसवून होम मैदानापर्यंत न्यायचे, ते तिला अजून लख्ख आठवतं. मग आजोबांना पॅरालिसिस झाला आणि गाडी जी आत लावली ती लावलीच.

आता माग विकले, शेड महिनाअखेरीला रिकामा करून द्यायचाय. बाहेरगावचा एक एजंट येऊन गाडी बघून गेला. त्यानं खिशातनं चुंबक काढलं, दाराला लावलं, बॉनेटला लावलं, चिकटलं नाही. म्हणाला सगळी लांबी (पुट्टी) भरलेली आहे, पत्रा उरलाच नाही, इंजिन जाम आहे, भंगारच आहे पण हौस म्हणून साडेचार लाख रोख देतो, उद्या ट्रेलर पाठवतो. काका तयार झालेत. आत्या काही बोलली नाही पण त्या दिवशी जेवली नाही.

मला दोन गोष्टी विचारायच्यात. एक म्हणजे साडेचार लाख हा भाव बरोबर आहे का. आणि दुसरं, आमच्या ओळखीचा गॅरेजवाला म्हणतोय नवीन बॅटरी लावून धक्का मारून चालू करू, वरनं लाल रंग मारू, मग डबल किंमत येईल. करावं का?

स्पॅनर_कोथरूड

ताई आधी गॅरेजवाल्याला थांबवा, मग पुढचं बोलू.

चुंबकाचं सांगतो. एमजीएची दोन्ही दारं, बॉनेट आणि डिकीचं झाकण यांचा पत्रा कारखान्यातूनच अ‍ॅल्युमिनियमचा आहे. तिथं चुंबक चिकटलं असतं तर उलट काळजी करावी लागली असती. बाकी मडगार्ड वगैरे लोखंडी पत्रा आहे, तिथं लावून बघा. जो माणूस एमजीए विकत घ्यायला येतो त्याला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही, एवढंच म्हणतो.

आता धक्का का मारायचा नाही. 36 वर्षं उभ्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला धरलेल्या असू शकतात, धक्क्याच्या जोरानं रिंग तुटली की पन्नास रुपयांच्या तेलानं सुटलं असतं ते काम सिलिंडर कापून मोठा करण्यावर, बोअरिंगवर जातं. टाकीतलं पेट्रोल आता वार्निश झालेलं असणार, ते एसयू कंपनीच्या कार्बोरेटरमध्ये ओढलं गेलं की जेट चिकटलेच म्हणून समजा. ऑइल तळाशी बसलंय, बेअरिंगला थेंब पोचलेला नाही. आणि चालू झालीच तर थांबवणार कशानं, ब्रेक नाहीयेत. या गाडीत ब्रेक आणि क्लच दोन्हींचा मास्टर सिलिंडर एकाच कास्टिंगमध्ये आहे, त्यातली रबरं सुकून गेलेली असणार.

रंगाला तर हातच लावू नका. घेणारा जाणकार असेल तर त्याला जुना, फिका, खपली निघालेला रंग हवा असतो कारण त्याखाली काय आहे ते दिसतं. ताजा लाल रंग बघितला की तो गृहीत धरतो की काहीतरी झाकलंय आणि भाव पाडतो. धूळसुद्धा पुसू नका अजून. आहे तशी, धुळीसकट, चारी बाजूंनी आणि खालून फोटो काढा.

भावाचं मी असं आंधळेपणानं सांगणार नाही. इंजिन नंबर काय आहे, कागद कुठले आहेत आणि काय काय सुटे भाग जागेवर आहेत हे कळल्याशिवाय जो आकडा सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका, माझ्यावरसुद्धा.

अशोकचौक

ताई मी सोलापूरचाच, आमच्या वडलांचं अ‍ॅम्बेसेडरचं गॅरेज होतं, निम्मं आयुष्य त्या इंजिनाखाली गेलं त्यांचं. म्हणून एक वेगळी गोष्ट सांगूलालोय, नीट ऐका.

अ‍ॅम्बेसेडरला 1959 पासून जे 1489 सीसीचं इंजिन आलं ते बीएमसीचं म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं बी सिरीज. आणि तुमच्या एमजीएला पण बी सिरीज, 1489 सीसीच. म्हणजे सख्खे भाऊच म्हणा की. त्यामुळं आपल्याकडं काय झालं, एमजीचं इंजिन बसलं की पार्ट मिळंना, इंपोर्ट बंद, मग लोकं सरळ अ‍ॅम्बेसेडरचं इंजिन टाकायचे आणि गाडी पळायची. त्या काळी त्यात कुणाला काही चुकीचं वाटत नव्हतं, गाडी रस्त्यावर राहिली हेच लई होतं. पण आज भावात जमीन अस्मानाचा फरक पडतो.

कसं ओळखायचं तर बॉनेट उघडा, ड्रायव्हरच्या बाजूला डायनॅमो आहे, त्याच्या ब्रॅकेटच्या वर ब्लॉकला एक छोटी पट्टी असती. त्यावर नंबर 15 जीबी किंवा 15 जीडी असा सुरू झाला तर एमजीएचं इंजिन. दुसऱ्या बाजूला कार्बोरेटर दोन आहेत का एक ते पण बघा, एमजीएला दोन एसयू येतात. पट्टीच नसली, कार्बोरेटर एकच असला, तर मग शंका घ्या. आणि तो नंबर आरसी बुकाशी जुळतो का ते बघा.

रविवारी मी येतो हवं तर, पैसे बिसे काही नको. प्लग काढून सिलिंडरात तेल सोडू, दोन तीन दिवस मुरू देऊ, मग हातानं फिरवून बघू. घाई कशाची.

आरसीबुक_सातारा

इंजिनाचं झालं, पण मला विचाराल तर निम्मी किंमत आजोबांच्या कपाटात आहे. पन्नाशीच्या दशकानंतर बाहेरच्या गाड्या आणणं जवळपास बंदच होतं, दूतावासातल्या लोकांच्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशन म्हणजे एसटीसीमार्फत विकल्या जायच्या. तसा विक्रीचा कागद, कस्टमची पावती, मुंबईचं जुनं टॅक्स टोकन, इन्शुरन्सची पिवळी पडलेली पॉलिसी, काहीही असेल ते जपा, फेकू नका. कागद नसलेली एमजीए म्हणजे सुट्या भागांच्या भावाची गाडी.

गाडी आजोबांच्या नावावर आहे तर विकण्याआधी वारसाच्या नावावर करावी लागेल, फॉर्म 31, आणि बाकी वारसांची ना हरकत. तुमच्या आत्याची सहीसुद्धा लागेल हे काकांना प्रेमानं सांगा. एजंटनं मागितल्या तरी कोऱ्या फॉर्मवर सह्या करून गाडी ट्रेलरवर चढवू नका, उद्या ती गाडी कुठं काही झाली तर नाव तुमच्या घराचं.

दुसरं म्हणजे 2021 च्या जुलैत केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम काढलेत. 50 वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपात असलेली गाडी त्यात बसते, आधीपासून नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, नवीन नोंदणीला 20 हजार आणि नंतर पुन्हा नोंदणीला 5 हजार फी आहे. रोजच्या वापराला मात्र परवानगी नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढंच. मूळ रूप ही अट आहे म्हणूनच वर अशोकचौक यांनी सांगितलेला इंजिन नंबर महत्त्वाचा. तुमच्या गाडीची नोंद आज कुठल्या स्थितीत आहे ते आधी आरटीओत जाऊन लेखी विचारा.

जुळेसोलापूरची_नात

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू कळत नाही. अशोकचौक दादा रविवारी खरंच आले, सकाळी नऊला, आणि दुपारपर्यंत गाडीखाली होते. सापडलं ते सांगते.

पट्टी आहे, नंबर 15 जीबीने सुरू होतो आणि आरसी बुकाशी शेवटच्या आकड्यापर्यंत जुळतो. दोन्ही कार्बोरेटर जागेवर. बुधवारी संध्याकाळी परत येऊन दादांनी इंजिन हातानं फिरवून बघितलं तेव्हा ते फिरलं, अगदी जरासं, पण फिरलं, आत्या तिथंच उभी होती.

वाईट बातमी अशी की पायाखालचं सगळं वाळवीनं खाल्लंय. मला वाटलं गाडी संपली पण दादा म्हणाले एमजीएला पायाखाली लोखंड नसतंच, प्लायवूडच्या फळ्या असतात, नवीन कापून बसवता येतात. सीटमागं दोन सहा व्होल्टच्या बॅटऱ्यांची जागा आहे तिथला पत्रा मात्र गंजून गळालाय. चेसिसच्या मुख्य पट्ट्यांना स्क्रू ड्रायव्हरनं टोचून बघितलं, आवाज भरीव येतो. वायरिंग उंदरांनी तोडलंय.

आणि माळ्यावर एका चादरीत गुंडाळून दोन्ही दारांच्या वर लावायच्या खिडक्या आणि हूडची, म्हणजे कापडी छताची, फ्रेम सापडली. चादर आमच्याच मागावरची. कपाटात मुंबईचा 1968 चा विक्रीचा कागद आहे, एसटीसीचा नाही सापडला अजून.

एजंटचा काल फोन आला, आता सात लाख म्हणतोय. मी काहीच सांगितलं नव्हतं त्याला.

स्पॅनर_कोथरूड

न सांगता अडीच लाख वाढले म्हणजे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

आता हिशोब कसा करायचा ते सांगतो, आकडे फक्त समजण्यासाठी आहेत. धरा की अशीच पूर्ण तयार, कागद स्वच्छ असलेली गाडी 30 लाखाला जाते. तयार करायला लागणारा खर्च त्यातून वजा करायचा, ब्रेक, हायड्रॉलिक, टाकी, कार्बोरेटर, वायरिंग, टायर, फळ्या, बॅटरीची जागा, आणि इंजिन उघडावं लागलं तर ते. समजा 12 लाख. मग अजून एक रक्कम वजा होते जी लोक विसरतात, न दिसलेल्या कामाची. उभ्या गाडीत ती मोठी असते कारण घेणारा चालवून बघू शकत नाही. तुम्ही रविवारी जे केलं त्यानं हीच रक्कम कमी झाली. इंजिन फिरतं, नंबर जुळतो, चेसिस भरीव आहे, खिडक्या आहेत, हे फोटोसकट दाखवता आलं की घेणाऱ्याला अंदाजानं कापायला जागा राहत नाही. गाडी चालू करून मिळणाऱ्या पैशापेक्षा हे पैसे जास्त आहेत आणि खर्च शून्य. अर्धवट काम करून विकलं तर त्याचे पैसे परत येत नाहीत, एक तर आहे तशी द्या किंवा पूर्ण करा.

तयार गाडीचा खरा आकडा काढायला इंग्लंडच्या साईटवरचे पौंड रुपयात करू नका. जगात 1,01,081 एमजीए बनल्या, त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या, तिकडं ही दुर्मिळ गाडी नाही. आपल्याकडं थोड्या आहेत पण घेणारेही थोडेच. पुण्या मुंबईच्या क्लबांमधल्या दोन तीन वेगवेगळ्या लोकांना फोटो पाठवा, एकमेकांचं नाव न सांगता. आणि ब्रिटनमधल्या गेडन इथल्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून हेरिटेज सर्टिफिकेट मागवा, त्यात गाडी कधी बनली, मूळ रंग, मूळ इंजिन नंबर आणि कुठल्या देशात पाठवली ते येतं. एसटीसीचा कागद नाही ना, तर हे फार उपयोगी पडेल.

ठेवायचं ठरलं तर एक लक्षात असू द्या, ही गाडी फक्त शिशाच्या पेट्रोलवर चाललीय, ते आपल्याकडं 2000 ला बंद झालं. आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं येतं, त्यात जुनी रबरं टिकत नाहीत. होज, डायफ्राम, कार्बोरेटरची सीलं सगळी इथेनॉल चालणारी घालायची.

जुळेसोलापूरची_नात

सर्टिफिकेटचा अर्ज काल केला. काकांना सगळा हिशोब कागदावर मांडून दाखवला, ते दिवाळीपर्यंत थांबायला तयार झालेत. एजंटला नाही म्हणून सांगितलं. आत्या म्हणतेय माझा हिस्सा मला पैशात नको, पण ते पुढचं पुढं.

आता एकच अडचण. 31 तारखेच्या आत गाडी होटगी रोडला मावशीच्या गॅरेजमध्ये न्यायचीय आणि मागची दोन्ही चाकं फिरतच नाहीत. दोर लावून ओढलं तर चालेल का?

अशोकचौक

ओढू नका ताई. ब्रेकचे ड्रम धरलेत, ओढलं तर तारांच्या चाकाच्या आतले दाते खराब होतात, मग हब आणि चाक दोन्ही गेलं. मधल्या दोन कानांच्या नटावर सोडायची दिशा कोरलेली आहे, तांब्याच्या हातोडीनं त्याच दिशेला मारायचं, लोखंडी हातोडी अजिबात नको. चाक काढून ड्रमच्या भोकातनं अ‍ॅडजस्टर ढिला केला की सुटतंय. शनिवारी चार वाजता येतो, जॅक आणि लाकडी ठोकळे माझ्याकडं आहेत, तुम्ही फक्त शेडची लाईट चालू ठेवा.

जुळेसोलापूरची_नात

लाईट आहे. आत्या शेंगाचटणी भाकरी घेऊन येणार आहे, जेवूनच जायचं.