पोर्तुगीज नावं, त्यांचे अर्थ आणि आपले अनुभव

नवरा पोर्तुगालातल्या पोर्तोचा, मी सांगलीची. बाळ येऊ घातलंय आणि घरात नावावरून रोज परिसंवाद चालू आहे. मी सवयीने प्रत्येक नावाचा अर्थ विचारते. इनेश म्हणजे पवित्र, जुआंव म्हणजे देवाची कृपा, मार्गारिदा म्हणजे मोती, दुआर्त म्हणजे संपत्तीचा राखणदार, आपला कुबेरच! गंमत अशी की नवऱ्याला यातलं काही माहीत नव्हतं, मीच शोधून त्याला ऐकवलं. त्याच्या लेखी दुआर्त हे आजोबांचं नाव, विषय संपला.

इथे पोर्तुगालात नावाचे नियमही आहेत. स्वतःची नावं जास्तीत जास्त दोन, आडनावं जास्तीत जास्त चार, आणि नाव सरकारमान्य यादीतलं हवं. आईवडिलांपैकी कुणी परदेशी नागरिक असेल तर यादीतून सूट मिळते, त्यामुळे मराठी नावालाही दार उघडं आहे. ज्यांनी अशी नावं ठेवली, मिरवली किंवा सोसली, त्यांनी लिहा. याद्या नकोत, किस्से हवेत.

लिस्बनहून

मराठी नाव पक्कं करण्याआधी ते एखाद्या पोर्तुगीज माणसाला ऐकवा. आम्ही लेकीचं नाव लता ठेवणार होतो, माझ्या आजीचं. शेजारीण हसू दाबत म्हणाली, शाळेत हिला सार्डिनच्या डब्यावरून चिडवतील! इथे लाता म्हणजे पत्र्याचा डबा. माला म्हणजे सूटकेस. उमा म्हणजे नुसतं 'एक', तेही स्त्रीलिंगी. ताराचा अर्थ इथे लिहिण्यासारखा नाही, नका ठेवू एवढंच सांगते. शेवटी रीता ठेवलं. रीता हे मुळात मार्गारिदाचंच आखूड रूप, संत रीतामुळे इकडे घरोघरी पोचलेलं. पुण्यातही कुणाला दोनदा सांगावं लागत नाही.

आणि हो, आडनावांत आईचं आधी, बापाचं शेवटी असा रिवाज आहे. कायद्याने उलटं केलं तरी चालतं, सासूबाईंना चाललं तर.

मडगावहून

आमच्याकडे नावासाठी पंचांगच बघायचे, फक्त ते चर्चचं. माझी शामाय, म्हणजे आजी, ८ डिसेंबरला जन्मली. त्या दिवशी मारियेच्या निष्कलंक गर्भसंभवाचं, म्हणजे कोंसेसांवचं फेस्त (सण), म्हणून ती मारिया दा कोंसेसांव. तिच्या पाठची पिएदाद, म्हणजे करुणा. तिसरी मारिया दास दोरेस, दुःखांची मारिया. माझी कोल्हापूरची मैत्रीण हे ऐकून हादरलीच. मुलीचं नाव कुणी दुःख ठेवतं का? पण ते दुःख क्रुसाखाली उभ्या राहिलेल्या आईचं, पोरीच्या नशिबाचं नव्हे. आमची दोरेस तर अख्ख्या वाड्यात सगळ्यात मोठ्याने हसायची. तिचं हसू ऐकून पदेर, म्हणजे पाववाला, सायकल थांबवायचा आणि दोन पाव जास्त विकून जायचा.

बाप्तिस्म्याच्या वहीत एक नाव आणि अंगणात दुसरं, हे तर ठरलेलंच. सेबास्तियांवचा बस्त्यांव, कायतानोचा कायतान, पेद्रोचा पेद्रू. आणि या सगळ्यांच्या वर बाबूश, कोकणीत पोराला लाडाने मारायची हाक! पोर्तुगालचे माजी पंतप्रधान आंतोनियो कोश्ता यांचं वडिलोपार्जित घर आमच्या मडगावातच. घरच्यांसाठी तेही बाबूशच.

लांबलचक नावांचं म्हणाल तर व्यंगचित्रकार मारियो मिरांडांचं पूर्ण नाव वाचा: मारियो जुआंव कार्लोस दो रोझारियो दी ब्रिटो मिरांडा. शाळेच्या हजेरीपटात कसं मावलं असेल कोण जाणे.

इंग्लंडमधल्या स्विंडनहून, मूळ गोव्यातली साष्टी

वरच्या ताईंच्या कायतानवरून आमची जखम उघडी पडली. बाबा १९ डिसेंबर १९६१च्या आधी, म्हणजे गोवा पोर्तुगीजांकडे असताना जन्मलेले, म्हणून पोर्तुगीज नागरिकत्वासाठी लिस्बनला त्यांची जन्मनोंद करायची होती. जुन्या पोर्तुगीज दाखल्यावर कायतानो, शाळेच्या दाखल्यावर काजेतान, रेशनकार्डावर कायतान. तिघंही एकच माणूस हे पटवता पटवता वकिलाचं घर झालं असेल. एका कचेरीत तर बाबांनाच विचारलं, यातले तुम्ही कोण? अर्थ काय लावायचा तो लावा, पण सगळीकडे स्पेलिंग एकच ठेवा, आणि पहिल्या दाखल्याच्या चार प्रती काढून ठेवा.

वसईहून

पोर्तुगीज १७३९ला गेले. आता पोरांची नावं स्वप्नील, प्रीती. मागे आडनाव मात्र तेच. परेरा म्हणजे नासपतीचं झाड, मच्याडो म्हणजे कुऱ्हाड. घोन्साल्वीस म्हणजे गोन्सालोचा मुलगा, लोपीस म्हणजे लोपोचा, आणि लोपो म्हणजे लांडगा. आमच्या गल्लीत परेरा आणि मच्याडो शेजारी शेजारी राहतात. झाडावरून त्यांचं अजून तरी भांडण झालेलं नाही.

साओ पावलोहून

ब्राझीलची तऱ्हा वेगळी. लिस्बनचा तियागू इथे चियागू होतो. २०१०च्या जनगणनेत मारिया नावाच्या सुमारे १ कोटी १७ लाख बायका निघाल्या, त्यामुळे ऑफिसात नुसतं मारिया म्हणून हाक मारायची सोय नाही. पुढचं नाव घ्यावंच लागतं: क्लारा, एदुआर्दा, लुईझा. मला स्वतःला तुपी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून आलेली नावं आवडतात. यारा म्हणजे पाण्याची स्वामिनी, कावां म्हणजे बहिरी ससाण्यासारखा पक्षी. ही नावं ठेवणाऱ्यांना अर्थ तोंडपाठ असतात, अगदी आपल्यासारखे. सांगलीकर ताई, पोर्तोच्या सासरी हे चालेल का ते मात्र तुम्हीच बघा. आणि इथे २०२२पासून सज्ञान झाल्यावर एकदा कोर्टात न जाता नाव बदलता येतं. आमच्या ऑफिसातला वॉशिंग्टन अजून विचार करतोय.

कोइंब्राहून

मारिया जुआंव म्हणजे बाई, जुआंव मारिया म्हणजे पुरुष. पहिलं नाव बघायचं, संपलं. आमच्या नात्यात जुझे मारियाने मारिया जुझेशी लग्न केलं. पत्रिका छापणाऱ्याने दोनदा फोन केला.