मदत हवी आहे: टॉफी बारमधली टॉफी काही केल्या जमत नाहीये

नमस्कार मंडळी. राखीपौर्णिमेला भाऊ येतोय आणि त्याला माझ्या हातचे टॉफी बार खायचेत. खालचा बिस्किटाचा थर ओटीजीत छान खुसखुशीत होतो, वरचं चॉकलेटही जमतं. घोडं अडतं ते मधल्या टॉफीपाशी.

२०० ग्रॅम लोणी, २०० ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ, जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर. बदामी रंग येईपर्यंत सगळं ठीक, मग अचानक तूप सुटतं आणि साखरेचा रवाळ गोळा उरतो. दुसऱ्या वेळी दोन चमचे गरम पाणी घालून ढवळत राहिले, तर परत एकजीव झालं. केवढा आनंद झाला! पण सकाळी बघते तर चिकट. सुरी ओढली की तार निघते.

थर्मामीटर नाही, थेंब गार पाण्यात टाकून बघते. तो काचेसारखा कट्कन तुटायला हवा, म्हणजे साधारण १५० अंश, हे माहीत आहे. पण तिथवर पोचायच्या आतच करपल्याचा वास येतो, म्हणून आधीच उतरवते.

इथे कोथरूडला आठवडाभर झड लागलीय. साखर हवेतलं पाणी ओढते, त्यामुळे होतंय का हे? की लवकर उतरवल्यामुळे? पावसाळ्यात पुण्यात कुणी करत असेल तर आच कशी ठेवता, ते कृपया नीट सांगा. थर्मामीटर घ्यावाच का?